विमानात लाईट गेली तर? (मोपाच्या फ्लाईटमधला प्रसंग आणि काही प्रश्न)

मांडवीकाठ
चवथीसाठी मुंबईहून घरी येत होतो, रात्रीचं गोव्याच्या मोपा विमानतळाचं विमान. अजून वर चढतच होतो तेवढ्यात केबिनमधले दिवे गेले. वरून येणारा वाऱ्याचा आवाजही बसल्यासारखा वाटला. दोन-तीन सेकंदांत सगळं परत आलं. नंतर केबिन क्रूने ट्रॉली काढली, पण गरम काहीच मिळणार नाही म्हणून सांगितलं, चहासुद्धा नाही. थोड्या वेळाने कॅप्टनची घोषणा झाली: तांत्रिक कारण आहे, आपण मुंबईला परत जातोय. उतरताना काही विशेष जाणवलं नाही. दुसरं विमान मिळालं आणि पहाटे पेडण्यात पोचलो. कंपनीचं नाव विचारू नका, लिहिणार नाही.

इंजिनं व्यवस्थित चालू असताना लाईट जाते कशी? तेवढ्यासाठी मागे का फिरायचं? शेजारचे काका छातीठोकपणे सांगत होते की वीज पूर्ण गेली की पायलटच्या हातात काही उरत नाही. हे खरं आहे का?

लायसन्सवाला
मी एएमई, म्हणजे विमानांची देखभाल करणारा इंजिनिअर आहे, एअरबस ए-320 वर काम करतो. तुमच्या विमानाचं टेक लॉग, म्हणजे बिघाडांची नोंदवही, मी पाहिलेलं नाही, त्यामुळे अमुकच झालं असं म्हणणार नाही. पण दिवे क्षणभर जाऊन येणं आणि पाठोपाठ गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) थंड पडणं, ही जोडी आम्हाला ओळखीची. एक जनरेटर ट्रिप झाला आणि त्याचा भार दुसऱ्याने उचलला, की असं दिसतं.

प्रत्येक इंजिनाच्या गिअरबॉक्सवर एक जनरेटर असतो, त्याला आम्ही आयडीजी म्हणतो. इंजिनाचा वेग सतत कमी-जास्त होतो, पण वीज एकाच फ्रिक्वेन्सीची हवी, म्हणून त्याच्या पोटात तेलावर चालणारी ड्राइव्ह असते. ती जनरेटरला कायम एकाच वेगाने फिरवते. बाहेर पडते 115 व्होल्ट, 400 हर्ट्झ, थ्री फेज. घरच्या 50 हर्ट्झच्या जागी 400 घेतलं की ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी लहान व हलक्या होतात, आणि विमानात किलो-किलोचा हिशेब असतो. ए-320 ला असे दोन आयडीजी, 90 केव्हीएचे. शेपटीतल्या एपीयूवर, म्हणजे छोट्या जादा इंजिनावर, तिसरा, तोही 90 चा. विमान उडवायला यातला कुठलाही एक पुरतो. मात्र एकावरच आलं की मुख्य गॅलीची वीज आपोआप तुटते. कुणी बटण दाबावं लागत नाही. ओव्हन आणि वॉटर हीटर हे मोठे खादाड.

डिचोलीकर
म्हणजे आमच्याकडे वीज खात्याने लाईट घालवली की इन्व्हर्टरवर पंखा फिरतो पण फ्रीज बंद, त्यातलाच प्रकार. आणि मांडवीकाठसाहेबांचा चहा पहिला गेला!

लायसन्सवाला
तत्त्व तेच. फरक एवढाच की विमानात काय चालू ठेवायचं आणि काय सोडायचं, याचा निर्णय वायरिंग करतानाच झालेला असतो. वीज वाटणाऱ्या मुख्य तारेला बस म्हणतात, आणि अशा बस अनेक असतात. कुठलं यंत्र कुठल्या बसवर टांगलंय, यावर सगळं अवलंबून. पुढे कुणी विचारलं तर लिहीन, यात मोठ्या गोष्टी दडलेल्या आहेत.

उजवी_सीट
मी ए-320 वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. घर म्हापशाला, बेस दुसरीकडे. कॉकपिटची बाजू सांगतो.

घंटी वाजते, अंबर रंगात ओळ येते: इलेक, जेन वन फॉल्ट, म्हणजे पहिल्या जनरेटरचा बिघाड. तेव्हा पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. एकजण विमान उडवत राहतो, तोच रेडिओही सांभाळतो, आणि मग म्हणतो, "एकॅम ॲक्शन्स." एकॅम म्हणजे बिघाड आणि त्यावरची कामं दाखवणारा स्क्रीन. दुसरा स्क्रीनवरच्या ओळी मोठ्याने वाचत काम करतो. जनरेटर एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा. आला तर आला, नाही तर बंद करून सोडून द्यायचा आणि एपीयू सुरू करायचा. पुन:पुन्हा दाबून बघणं नाही.

आयडीजीचं तेल तापलं किंवा दाब गेला तर तो गिअरबॉक्सपासून तोडावा लागतो. त्या बटणावर झाकण असतं, आणि झाकण उघडण्याआधी दोघांनी बोट दाखवून खात्री करायची की हाच तो. कारण एकदा तोडलेला आयडीजी हवेत परत जोडता येत नाही, जमिनीवर इंजिनिअरच जोडतो. घाईत चांगला जनरेटर तोडला तर? बटण तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही हेही आहे, नाही तर तोडणारी यंत्रणाच खराब होऊ शकते.

मागे का फिरले? त्या कॅप्टनच्या डोक्यात काय होतं ते तोच जाणे. पण मी तिथे असतो तर विचार असा केला असता: अजून चढतोय, मुंबई पाठीशी आहे, तिथे इंजिनिअर आणि सुटे भाग आहेत. समोर पावसाळी रात्र आणि पठारावरचं मोपा, जिथे ढग कधी कधी धावपट्टीवरच येऊन बसतात. एक जनरेटर गेल्याने जीवाला धोका नाही. पण आणखी काही बिघडलं तर ते कुठे बिघडलेलं परवडेल, हा प्रश्न असतोच.

तारवटी
मी जहाजावर ईटीओ, म्हणजे विजेचं काम बघणारा अधिकारी, सध्या सुट्टीवर वास्कोत. आमच्याकडे ब्लॅकआऊट झाला की इमर्जन्सी जनरेटरने आपोआप सुरू होऊन 45 सेकंदांच्या आत भार घ्यायचा, हा सोलासचा, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम. तेवढा वेळ जहाज आंधळं. समुद्रात मोकळी जागा असते म्हणून निभावतं. बंदरात नाही. 26 मार्च 2024 ला बाल्टिमोरला डाली जहाजाची वीज पुलाजवळ गेली, परत आली, परत गेली, जहाज पुलाला धडकलं आणि पूल कोसळला. पुलावर काम करणारे सहाजण गेले.

विमानाला 45 सेकंद कोण देणार? दोन्ही आयडीजी गेले, एपीयूही लागला नाही, तर पुढे काय? काकांचं उत्तर बाजूला ठेवू, तुमचं सांगा.

लायसन्सवाला
मधला वेळ बॅटरी भरून काढते. ए-320 ला दोन निकेल-कॅडमियम बॅटऱ्या असतात. दोन्ही मुख्य एसी (आल्टरनेटिंग करंटच्या) बस गेल्या की पोटाखालून छोटा पंखा, रॅट, आपोआप बाहेर पडतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने फिरतो. तो ब्ल्यू हायड्रॉलिक्सला, म्हणजे विमानाच्या तेलदाबाच्या एका यंत्रणेला, दाब देतो, त्या दाबावर इमर्जन्सी जनरेटर चालतो. याला साधारण आठ सेकंद लागतात. मिळतात फक्त 5 केव्हीए. कुठे 90 आणि कुठे 5! कॅप्टनच्या बाजूचे पडदे (स्क्रीन), एक रेडिओ, जरुरीपुरती उपकरणं, बस्स. उजव्या बाजूचे पडदे काळे.

इंजिनं मात्र चालू राहतात. इंजिनाच्या कंट्रोलला लागणारी वीज इंजिनवरच बसवलेला छोटा अल्टरनेटर बनवतो, विमानाच्या बसवर तो अवलंबून नसतो. काकांना एवढं कळवा.

उजवी_सीट
आणि म्हणून त्या स्थितीत विमान कॅप्टन उडवतो, माझ्या पुढ्यात काळोख असतो. स्क्रीनवर लाल अक्षरांत लँड एएसएपी, म्हणजे लवकरात लवकर उतरा. ब्रेकिंगची मदतही कमी होते, म्हणून लांब धावपट्टी शोधायची. मोपाची 3,500 मीटर आहे, दाबोळीचीही त्याच्या आसपास. या बाबतीत गोव्याला दोन विमानतळ असणं चैन नाही. दाबोळी नौदलाची, सकाळी सरावाच्या वेळेत नागरी विमानांना तिथे बंधनं असतात. पण मेडे (जीवघेण्या संकटाची हाक) म्हटल्यावर वेळापत्रक कुणी दाखवत नाही.

एपीयूबद्दल एक: फक्त बॅटरीवर तो 25,000 फुटांच्या वर सुरू करायचा नसतो. म्हणजे तो हवा असेल तर आधी खाली यावं लागतं.

डिचोलीकर
रॅट हे नाव अहमदाबादच्या विमान अपघातानंतर टीव्हीवर इतकं ऐकलं की घरातल्या पोरांना पाठ झालंय. पण मी मागे 737 ने आलो, तिथे रॅट आहे का?

लायसन्सवाला
नाही. 737 ला रॅट नसतो. हायड्रॉलिक्स गेलं तरी तिचे एलेव्हेटर आणि एलेरॉन (शेपटीवरचे आणि पंखांवरचे हलणारे भाग) पायलट केबलवर, हाताच्या ताकदीने हलवू शकतो, आणि विजेसाठी बॅटरी, किमान अर्धा तास पुरेल अशी. जड काम आहे, पण होतं.

अहमदाबादवर इथे वाद नको. तिथे दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तुटल्याची नोंद प्राथमिक अहवालात आहे. वीज जाणं आणि रॅट बाहेर येणं हा त्याचा परिणाम. या धाग्याचा विषय उलट आहे: इंजिनं ठीक, वीज गेलेली.

मांडवीकाठ
इंजिनं ठीक असून सगळी वीज गेल्याचं खरंच कुठे घडलंय का?

लायसन्सवाला
जवळजवळ सगळी, हो. 7 जानेवारी 2008, क्वांटासचं 747-400, लंडनहून बँकॉकला. चार जनरेटर असलेलं विमान. उतरायला थोडाच वेळ असताना पुढच्या गॅलीचं पाणी तुंबून विमानाच्या फरशीखाली झिरपलं आणि खालच्या कपाटात, जिथे जनरेटरचे कंट्रोल युनिट असतात, तिथे पोचलं. चारपैकी तीन जनरेटरची वीज गेली. बऱ्याच गोष्टी बॅटरीवर आल्या. बँकॉक जवळ होतं म्हणून सुखरूप उतरले. तेच समुद्राच्या मध्यावर झालं असतं तर, हा विचार ऑस्ट्रेलियन तपास अहवाल वाचताना माझ्या मनातून जात नाही.

चार जनरेटर वेगवेगळ्या इंजिनांवर, पण त्यांचे मेंदू एकाच छपराखाली, आणि छपराला तडा. त्या कपाटावरचं पाणी अडवणारं आवरण भेगाळलेलं होतं. किनाऱ्यावर काम करणाऱ्या कुणालाही हे पटकन पटेल. इथल्या खाऱ्या दमट हवेत कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर धरतो. पावसाळ्यात दार उघडं ठेवून लोडिंग चालू असतं, दारातली गॅली ओली होते. प्रवाशांना ते क्षुल्लक वाटतं. आम्ही फ्लोअर पॅनेलच्या कडेचा सीलंट बोटाने चाचपून बघतो.

साखळीची_वहिनी
माझी लेक केबिन क्रू आहे. ती म्हणते आई, दिवे गेले तर आम्ही टॉर्च काढतो, त्याची भीती नाही. जळका वास आला की मात्र पोटात गोळा येतो. हे खरं आहे का? की ती मला बरं वाटावं म्हणून अर्धंच सांगते?

उजवी_सीट
वहिनी, तिने पूर्ण सांगितलंय. जनरेटर गेला तर माझ्याकडे वेळ असतो. धूर आला तर वेळ किती आहे हेच माहीत नसतं.

2 सप्टेंबर 1998. स्विसएअर 111, एमडी-11, न्यूयॉर्कहून जिनिव्हा. उड्डाणानंतर 53 मिनिटांनी कॉकपिटमध्ये वेगळा वास आला. एसीचा असेल असं वाटलं. मग धूर दिसला, पॅन-पॅन (मेडेच्या खालचा तातडीचा इशारा) दिला आणि विमान हॅलिफॅक्सकडे वळवलं. पहिल्या वासापासून साधारण 21 मिनिटांत विमान नोव्हा स्कॉशियाजवळ समुद्रात कोसळलं. 229 माणसं.

कॅनडाच्या तपासाने जे सांगितलं ते आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. छतावरच्या पोकळीत वायरमध्ये आर्किंग झालं, म्हणजे ठिणग्या उडाल्या. ठिणगी लहानच, पण शेजारी इन्सुलेशनच्या चादरी होत्या, वरून चकाकी दिलेलं पातळ प्लास्टिक, आणि ते पेटलं. प्रवाशांच्या करमणुकीचे पडदे नंतर बसवलेले होते, त्यांच्या वायरचाही यात भाग. आता खरी मेख. धूर आल्यावर केबिनची वीज तोडायचं एक बटण होतं, केबिन बस. करमणुकीची यंत्रणा त्या बसवर नव्हतीच, दुसरीकडून वीज घेत होती. म्हणजे बटण दाबूनही ती चालूच राहणार. त्याच बटणाने छतातले हवा फिरवणारे पंखे मात्र बंद पडले. तोवर ते धूर मागे ओढत होते. ते थांबले आणि हवा उलट, कॉकपिटकडे वाहू लागली.

त्या दोन पायलटांवर लोक अजून टीका करतात: इंधन कशाला सोडत बसले, चेकलिस्ट कशाला वाचत बसले. तपास अहवाल म्हणतो की थेट गेले असते तरी आग ज्या वेगाने पसरली ते पाहता सुखरूप उतरणं शक्य नव्हतं. टीका करणाऱ्यांनी हे वाक्य वाचावं. पण त्यानंतर सगळीकडे शिकवणं बदललं. आता धुराचा उगम लगेच सापडून विझला नाही तर तोंड धावपट्टीकडे आधी, कागद नंतर. मास्क चढवायचा, शंभर टक्के ऑक्सिजन, मग बोलायचं.

साखळीची_वहिनी
वाचून हात थंड पडले, तरी लिहिलंत ते बरं केलंत. लेकीला विचारलं तर म्हणाली, आमच्या बाजूने आता वायरपेक्षा प्रवाशांच्या पॉवर बँकेची धास्ती जास्त. लिथियम बॅटरी पेटली तर आधी हॅलॉन (आग विझवणारा वायू) मारून ज्वाळा दाबायच्या आणि मग भरपूर पाणी ओतून थंड करायची, नाही तर पुन्हा पेट घेते. आणि तिने सगळ्यांना सांगायला सांगितलंय: फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका. फोन चिरडला की बॅटरी पेटते. बेल दाबा.

डिचोलीकर
पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही हे ठाऊक आहे, पण किती मोठी चालते?

उजवी_सीट
100 वॅट-अवरपर्यंत परवानगी न घेता, हातातल्या बॅगेत. साधारण 27,000 एमएएच. त्यावर आकडाच छापलेला नसेल तर सिक्युरिटीवाला काढून घेतो, आणि बरोबर करतो.

तारवटी
ब्रेकरचं सांगा. जहाजावर नवीन पोरगा आला की त्याची पहिली खोड म्हणजे ट्रिप झालेला ब्रेकर वर ढकलणे. मी हातावर मारतो.

उजवी_सीट
आमच्याकडेही तसंच. हवेत ब्रेकर रीसेट करायचा नाही, चेकलिस्टने सांगितलं किंवा सुरक्षित उड्डाणासाठी अगदीच गरज आहे असं कॅप्टनने ठरवलं तरच, तोही एकदा. ब्रेकर पडला म्हणजे वायरने काहीतरी सांगितलं. तिला परत वीज देणं म्हणजे ठिणगीला दुसरी संधी.

तारवटी
मग हे पटवा. लायसन्सवाला साहेब, एक जनरेटर बंद असताना विमान प्रवासी घेऊन निघू शकतं असं मी ऐकलंय. तीनातला एक मेलेला घेऊन निघायचं आणि त्याला नियम म्हणायचं?

लायसन्सवाला
एमईएल म्हणतात त्याला, काय बंद असताना उडता येतं त्याची मंजूर यादी. ठरावीक दिवस, ठरावीक अटींवर, एपीयूचा जनरेटर बंद पडलेल्याच्या जागी चालवून जाता येतं. मी स्वतः अशा विमानांवर सही केलेली आहे आणि पुन्हाही करीन. ते विमान मोडकं नसतं.

तरीही तुमच्या बाजूचं उदाहरण मीच देतो. 15 सप्टेंबर 2006, एक ब्रिटिश ए-319, स्पेनहून ब्रिस्टलला. पहिला जनरेटर बंद, जागी एपीयूचा. फ्रान्समध्ये नांतजवळ तीही बाजू सुटली. एसी बस वन गेली आणि तिच्यावर टांगलेली अत्यावश्यक बसही गेली. दुसरा जनरेटर धडधाकट होता. बटण दाबून अत्यावश्यक बस त्याच्याकडे वळवायची असते, ती वळली नाही. सगळे रेडिओ गेले, रडारला विमानाची ओळख सांगणारा ट्रान्सपॉन्डर गेला. रडारवरून विमान दिसेनासं झालेलं, आणि ते ब्रिस्टलपर्यंत जाऊन उतरलं. त्याच्या आदल्या वर्षी, 22 ऑक्टोबर 2005 ला, लंडन-बुडापेस्ट ए-319 मध्ये रात्री सहापैकी पाच पडदे काळे झाले होते. तिथे तेच बटण दाबल्यावर दीड मिनिटाने परत आले. पुढे एअरबसने ही अदलाबदल आपोआप व्हावी अशी सोय केली.

म्हणून माझं म्हणणं असं की जनरेटर तीन की दोन, यावर भांडण्यात अर्थ नाही. क्वांटासला चार होते. नांतच्या विमानात एक चांगला जनरेटर शेवटपर्यंत फिरत होता, फक्त त्याची वीज हवी तिथे पोचली नाही. स्विसएअरला वीज नको तिथे पोचत राहिली. मी तरुण एएमईंना वायरिंग डायग्राम पाठ करायला लावतो ते यासाठी, आणि ते मला पाठीमागे शिव्या घालतात.

तारवटी
पटलं. एमईएल नाही पटलं, वायरिंगचं पटलं.

मांडवीकाठ
सगळ्यांना देव बरें करूं. एकच राहिलं. नांतसारखे रेडिओ गेले तर खाली टॉवरला कळतं कसं, आणि टॉवर यांना "उतरा" कसं सांगतो?

उजवी_सीट
ट्रान्सपॉन्डर जिवंत असेल तर त्यावर 7600 हा कोड टाकायचा, म्हणजे रेडिओ गेला. 7700 म्हणजे इमर्जन्सी. तोही गेला असेल तर ठरलेल्या मार्गाने जायचं, कंट्रोलर इतरांना बाजूला काढतात. टॉवरवर सिग्नलचा दिवा असतो, दाबोळीला तो नौदलाच्या माणसांच्या हाती. विमानाकडे रोखून सलग हिरवा दाखवला म्हणजे उतर. सलग लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. लाल उघडझाप म्हणजे इथे उतरू नकोस, विमानतळ असुरक्षित. दिसलं हे कळवायला दिवसा पंख हलवायचे.

डिचोलीकर
आणि रात्री?

उजवी_सीट
रात्री लँडिंग लाईट दोनदा उघडझाप करायची.

डिचोलीकर
पण लाईटच गेलीय ना, पात्रांव!